गावातल्या ७१ च्या जवानांवर माहितीपट करतोय, पण लढाईचं चित्रीकरणच नाही. काय करावं?

ताम्रपर्णीकाठ:

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय.

मी चंदगड तालुक्यातला. आमच्याकडे घरटी एखादा तरी फौजेत असतो, आणि बेळगावचं सेंटर जवळ असल्यामुळे मराठा लाइट इन्फन्ट्रीत गेलेले जास्त. १९७१ ची लढाई पाहिलेले आता गावात थोडेच उरलेत. त्यातले माझे चुलत आजोबा आणि त्यांचे एक दोस्त पहिल्या मराठात, म्हणजे जंगी पलटणीत होते. दोघंही तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, जमालपूरच्या लढाईत होते. आजोबांना ऐकू कमी येतं, दोस्तांची तब्येत तोळामासा. म्हणून उन्हाळ्यापासून जमेल तसं त्यांना बोलतं करून कॅमेऱ्यात धरून ठेवतोय. येत्या १६ डिसेंबरला शाळेच्या पटांगणात दाखवायचा विचार आहे.

अडचण अशी की माझ्याकडे नुसते बोलणारे म्हातारे आहेत. लढाईचा एकही शॉट नाही. आजोबांचा वर्दीतला एक फोटो, पदकं, फौजी टपालाचा शिक्का असलेलं एक पत्र, बस्स. गावातली पोरं म्हणतात, नुसतं बोलणं कोण बघत बसणार? एक म्हणतो, उसाच्या फडात पोरांना वर्दी घालून लढाई उभी करू, फटाके लावू. दुसरा म्हणतो, एआयला सांगितलं की नदी ओलांडणारी पलटण हवी तशी करून मिळते. त्याने एक नमुना करून आणला. दिसायला झकास आहे. आजोबांना दाखवला, तर त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन विचारलं, ‘हे कोण?’

मला काही उत्तर देता आलं नाही.

माहितीपटवाले एखाद्या देशाची लढाई पडद्यावर जिवंत करतात ती नेमकी कशाच्या जोरावर? त्या वेळचं चित्रीकरण हाताशी असलं तरच ते जमतं का? जाणकारांनी सांगावं.

सौमित्र_पुणे:

फार मोलाचं काम हाती घेतलंय. मनापासून शुभेच्छा.

माझं मत एआयच्या बाजूने. पीटर जॅक्सनने २०१८ साली पहिल्या महायुद्धावर ‘दे शॅल नॉट ग्रो ओल्ड’ केला. शंभर वर्षांपूर्वीच्या मुक्या, करड्या फितीला त्याने रंग दिला, आवाज दिला. ओठ वाचणाऱ्या तज्ज्ञांना बसवून सैनिक काय बोलत होते ते शोधलं आणि नटांकडून वदवून घेतलं. पाहताना माझ्या अंगावर काटा आला होता. आजच्या पोरांना खिळवून ठेवायचं तर तंत्राला नाही म्हणून कसं चालेल? सुरुवातीला पाटी टाका की काही दृश्यं संगणकावर केलेली आहेत. मग कोणाची फसवणूक होत नाही.

रिळवाली:

मी माहितीपटांचं संकलन करते. शिक्षण पुण्यात, काम मुंबईत. हा विषय जिव्हाळ्याचा आहे, त्यामुळे प्रतिसाद लांबणार.

सौमित्र, उदाहरण चांगलं दिलंत, पण जॅक्सनने काय केलं नाही तेही बघा. त्या वेळचे कॅमेरे हाताने दांडी फिरवून चालवायचे. कोणी सेकंदाला दहा चौकटी टिपल्या, कोणी अठरा. त्याच फिती नंतर चोवीसच्या वेगाने दाखवल्या गेल्या, म्हणून पहिल्या महायुद्धातले सैनिक आपल्याला तुरुतुरु पळताना दिसायचे. त्याच्या लोकांनी एकेका तुकड्याचा मूळ वेग शोधून काढला आणि ती माणसं माणसासारखी चालायला लागली. माझ्या लेखी त्या चित्रपटातलं सर्वात मोठं काम हे, रंग त्यानंतर. आवाज कोणाचे, तर लढाईतून परत आलेल्यांचे. बीबीसी आणि इंपिरियल वॉर म्युझियमने जपून ठेवलेल्या सुमारे ६०० तासांच्या मुलाखतींतून ते निवडलेले आहेत. तिथे ना निवेदक, ना इतिहासतज्ज्ञ. आणि समोरासमोरच्या हातघाईच्या लढाईचं काय? तिथे कॅमेरा पोचलाच नव्हता. जॅक्सनने त्या जागी त्या काळच्या सचित्र नियतकालिकांतली रेखाचित्रं वापरली. हवी ती लढाई संगणकावर उभी करण्याची ऐपत जगात त्याच्याइतकी कोणाची असेल? तरीही त्याने ती केली नाही.

वर्दी घालून लढाई उभी करायचं म्हणाल तर त्याचाही जुना धडा आहे. ‘द बॅटल ऑफ द सॉम’ ऑगस्ट १९१६ मध्ये लंडनला लागला तेव्हा सॉमची लढाई अजून चालू होती. त्यात सैनिक खंदकातून वर चढतात आणि एक जण काठावरूनच खाली घसरतो. हा शॉट पुढे कितीतरी माहितीपटांनी खरी लढाई म्हणून वापरला. तो आघाडीच्या मागे, प्रशिक्षणाच्या जागेवर मुद्दाम घडवून घेतला होता. त्याच चित्रपटात हॉथॉर्न रिजखालचा सुरुंग उडताना दिसतो, १ जुलैच्या सकाळी ७ वाजून २० मिनिटांनी. ते शंभर टक्के खरं आहे. पण एकदा पहिल्या शॉटचं बिंग फुटलं की लोक दुसऱ्याकडेही संशयाने बघतात. ताम्रपर्णीकाठ, तुमच्या आजोबांच्या शेजारी एआयची पलटण बसवलीत तर उद्या कोणीतरी आजोबांबद्दलही तीच शंका घेईल. पाटी सुरुवातीला एकदा येते आणि विसरली जाते.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. आजोबा ज्या लढाईला गेले ती दुसऱ्या एका देशाची, बांगलादेशाची, जन्मकथा आहे. त्या देशाने ती पडद्यावर कशी आणली ते बघा, कारण त्यांच्याकडेही फारसं काही नव्हतं.

२६ मार्च १९७१ ची सकाळ. ढाका विद्यापीठाच्या जगन्नाथ हॉलच्या मैदानात पाकिस्तानी सैनिक विद्यार्थ्यांना गोळ्या घालत होते. पलीकडे अभियांत्रिकी विद्यापीठातले प्राध्यापक नूरुल उला राहायचे. त्यांनी खिडकीतून व्हिडिओ कॅमेऱ्याने ते टिपलं. माणसं अगदी लहान दिसतात, चेहरा एकाचाही कळत नाही. आधी त्यांच्याकडून प्रेतं वाहून आणवली जातात, मग त्यांनाच रांगेत उभं करतात. संकलक म्हणून मला कोणी विचारलं तर मी त्यातली एकही चौकट मोठी करणार नाही. ते अंतर हीच त्या दृश्यातली माहिती आहे. बघणारा माणूस जीव मुठीत धरून इतका लांब उभा होता, हे त्या लहान आकृत्यांमुळेच कळतं.

त्याच वर्षी ज़हीर रायहान यांनी भारताच्या हद्दीत राहून निर्वासितांच्या छावण्यांत ‘स्टॉप जेनोसाइड’ केला. जेमतेम वीस मिनिटांचा. ३० जानेवारी १९७२ ला, देश स्वतंत्र झाल्यावर, ते पळवून नेलेल्या भावाला शोधायला ढाक्यातल्या मीरपूरला गेले ते परतले नाहीत.

आणि मग ‘मुक्तिर गान’. लिअर लेव्हिन नावाचा अमेरिकन चित्रपटकार १९७१ मध्ये बंगाली तरुण गायकांच्या एका पथकाबरोबर फिरला. हे पथक ट्रकमधून निर्वासितांच्या छावण्यांत आणि मुक्तिवाहिनीच्या, म्हणजे बंगाली स्वातंत्र्यसैनिकांच्या तळांवर जाऊन गाणी म्हणायचं. लेव्हिनने जवळजवळ वीस तासांची रंगीत फीत उतरवली, पण पैशाअभावी त्याचा चित्रपट झालाच नाही. फीत न्यूयॉर्कला पडून राहिली. १९९० च्या सुमाराला तारेक मसूद आणि कॅथरीन मसूद या जोडप्याने ती शोधून काढली, इतर देशांतल्या अभिलेखागारांतून आणखी तुकडे मिळवले, आणि १९९५ मध्ये त्याचा माहितीपट केला. पथकातल्याच एका तरुणाच्या तोंडून ती गोष्ट सांगितली जाते. त्यात रणगाडे, तोफा नाममात्र. ट्रक हलतोय, पोरंपोरी गातायत, समोर छावणीतली माणसं बसलीत आणि ऐकतायत. पंचवीस वर्षांखालच्या बांगलादेशींनी आपली लढाई रंगात पाहिली ती अशी. ७१ म्हटलं की तोवर डोळ्यांसमोर यायचे ते बहुतेक काळेपांढरे फोटो.

लेव्हिनची फीत वीस वर्षं होती तशीच होती. तिला जीव आला तो ‘हे कोण, कुठे चाललेत, कशासाठी गातायत’ हे सांगणारा माणूस मिळाल्यावर. म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी ‘नाही’ असं देईन. सांगणारे तुमच्याकडे आहेत. ते ज्या गोष्टीबद्दल बोलतात तिच्या जितकं जवळ कॅमेरा नेता येईल तितका न्या.

एक प्रसंग सांगते. कोकणात एका निवृत्त हवालदारांची मुलाखत चालू होती. ते अर्धा तास बटालियनचा इतिहास बोलले, अहवाल वाचल्यासारखा, तारखांसह. दिग्दर्शिकेने मध्येच विचारलं, ‘काका, बूट कधी काढलेत?’ ते थांबले. म्हणाले, ‘बूट काढले तेव्हा मोजे निघेनात.’ मग खाटेवरच्या घोंगडीवर दोन बोटांनी रस्ता काढून दाखवायला लागले, ही वाट, हा बांध, इथे पाणी, इथे आम्ही आडवे झालो. कॅमेरावाल्याला देवाने बुद्धी दिली आणि त्याने चेहरा सोडून घोंगडी धरली. त्या माहितीपटात लढाईचा दुसरा शॉट नाही. गरजही पडली नाही.

तेव्हा आजोबांना हत्यारांबद्दल कमी विचारा. पाण्याबद्दल विचारा, जेवणाबद्दल, ओझ्याबद्दल. तिथल्या गावकऱ्यांशी कुठल्या भाषेत बोललात? कोणाच्या घरात पाणी प्यालात? ते पत्र त्यांना स्वतःला वाचू द्या, चष्मा शोधण्यापासून सगळं रेकॉर्ड करा. बोलणं धरताना पंखा आणि फ्रिज बंद ठेवा, माइक शर्टाला लावा, आणि शेवटी त्या खोलीचा एक मिनिट नुसता आवाज घ्या, संकलनात जीव वाचवतो. बेळगाव-कोल्हापूरच्या जुन्या वाचनालयांत डिसेंबर १९७१ ची वर्तमानपत्रं मिळाली तर त्यांचे फोटो काढून आणा, मथळे आणि जाहिराती दोन्ही. अमुक बातमीच्या शेजारी कसली जाहिरात होती यावरून गावाला तो काळ पटकन ओळखू येतो.

निवृत्त_सुभेदार:

रिळवालीताईंशी पूर्ण सहमत. मी ७१ नंतर भरती झालो, पण जमालपूर आम्हाला रंगरूट असल्यापासून तोंडपाठ. तुमच्या प्रश्नावलीसाठी थोडी चौकट देतो.

उत्तरेकडून उतरणाऱ्या ९५ माउंटन ब्रिगेडमध्ये पहिली मराठा होती, कमान अधिकारी लेफ्टनंट कर्नल कुलदीपसिंग ब्रार. सीमेवरची कमालपूरची पाकिस्तानी चौकी ४ डिसेंबरला शरण आली. जमालपुरात पाकिस्तानची ३१ बलुच पलटण, त्यांचे कमान अधिकारी लेफ्टनंट कर्नल सुलतान अहमद. ९ डिसेंबरला आपल्या ब्रिगेडचे ब्रिगेडियर क्लेर यांनी त्यांना शरण येण्याविषयी चिठ्ठी पाठवली. ती एक वयस्क मुक्तियोद्धा सायकलवरून, पांढरं निशाण घेऊन गेला. उत्तर आलं ते नकाराचं, आणि सोबत कागदात गुंडाळलेली एक गोळी. १० आणि ११ च्या मधल्या रात्री बलुच पलटणीने दक्षिणेकडे फुटून निघायचा प्रयत्न केला, तेव्हा वाटेत आपली मराठा पलटण मोर्चे धरून बसलेली होती.

११ तारखेला टांगाइलजवळ दुसरी पॅरा ही छत्रीधारी पलटण विमानांतून उतरली. ही पूर्वीची तिसरी मराठा. दुसऱ्या दिवशी त्यांना जाऊन मिळाली ती पहिली मराठा. तुमच्या आजोबांना त्या भेटीबद्दल जरूर विचारा. शत्रूच्या मुलखात, पुलाजवळ समोरून मराठी आली तर काय वाटलं असेल! १६ ला ढाका.

चिठ्ठी लिहिणारा आणि घेणारा, दोघांची नावं पुस्तकांत आहेत. पण ती सायकल निघाली तेव्हा खंदकातले जवान काय बोलत होते, तो परत येईल असं कोणाला वाटत होतं का, हे पुस्तकात नाही. ते तुमच्या ओसरीवर आहे.

आणखी एक. दोघांना एकत्र बसवा. फौजी माणूस नातवासमोर जपून बोलतो, पण जोडीदार शेजारी असला की ‘असं नव्हतं रे’ म्हणून खरं बाहेर पडतं. पलटणीचे जुने फोटो हवे असतील तर सेंटरला रीतसर लेखी विनंती करा.

अबोली:

धागा वाचनखुणांत साठवला. थोडी भर. या लढाईआधी पूर्व पाकिस्तानात काय चाललंय ते जगाला ठणकावून सांगणारे पत्रकार अँथनी मस्करेन्हस हे मूळचे गोव्याचे, जन्म बेळगावचा. कराचीत नोकरी करत होते. बायकामुलांना आधी बाहेर काढलं, आणि मग १३ जून १९७१ च्या ‘संडे टाइम्स’मध्ये लिहिलं. तुमच्या सेंटरच्या गावाचा हा धागा माहितीपटात एका वाक्यात तरी यावा असं वाटतं.

ताम्रपर्णीकाठ:

सर्वांचे आभार. सुभेदारसाहेब, दोघांना एकत्र बसवलं. तुम्ही म्हणालात तसंच झालं, दोन तास थांबले नाहीत. फटाके आणि एआय दोन्ही रद्द केलं आहे.

आता दोन शंका आहेत. आजोबा म्हणतात नदी चालत ओलांडली, पाणी छातीला लागत होतं, रायफल डोक्यावर. दोस्त म्हणतात, कसलं चालत, होडीतून गेलो, गावकऱ्यांनी होड्या आणून दिल्या. दोघंही हट्टाला पेटले. कोणाचं ठेवू?

दुसरी जास्त अवघड आहे. त्या रात्रीनंतरच्या सकाळबद्दल विचारलं की आजोबा ‘उजाडलं तेव्हा बघितलं’ एवढंच म्हणतात आणि उठून गोठ्यात जातात. दोनदा असं झालं. कॅमेरा चालू होता. ते उठून जाणं ठेवावं की काढावं?

रिळवाली:

नदीचं भांडण दोन्ही बाजूंनी ठेवा, पूर्ण ठेवा. एवढी मोठी पलटण एका जागी, एकाच पद्धतीने उतरली असेल असं धरून चालू नका. दोघंही खरं सांगत असणं सहज शक्य आहे. तुम्ही निवाडा देऊ नका. तारीख किंवा ठिकाण चुकत असेल तर तेवढी पाटी खाली टाका, बोलणं मात्र कापू नका. आणि होड्या आणणारे गावकरी कोण होते हे दोस्तांना पुन्हा विचारा. जमालपूरकडच्या त्या माणसांशिवाय ही गोष्ट अर्धीच राहील. ती त्यांच्या देशाची लढाई होती.

गोठ्याबद्दल. त्यांना विचारल्याशिवाय ठेवू नका. संकलन झालं की तो भाग आधी त्यांना एकट्याला दाखवा, मुलं-नातवंडं नकोत, हवं तर दोस्त बरोबर असू द्या. ते नको म्हणाले तर काढा, वाद घालू नका. ठेवा म्हणाले तर त्यावर संगीत लावू नका आणि ‘त्या रात्री इतके मारले गेले’ असं निवेदनही लावू नका. समोर बलुच पलटणीची पोरं पडलेली होती आणि आजोबा तेव्हा जेमतेम विशी-पंचविशीचे असतील. त्यांनी जे बोलायचं नाही असं ठरवलंय ते आपण त्यांच्या वतीने बोलायचं नाही.

मागच्या प्रतिसादात एक सांगायचं राहिलं होतं, ते तुमच्या १६ डिसेंबरसाठी कामाचं आहे. मसूद जोडप्याचा माहितीपट बांगलादेशात प्रोजेक्टर घेऊन गावोगाव दाखवला गेला. पडदा उतरवायची वेळ झाली तरी लोक उठेनात. आमच्या गावात काय झालं ते ऐका म्हणाले. शेतकरी बोलले, बायका बोलल्या, ज्यांच्यावर अत्याचार झाले त्याही बोलल्या. गाणाऱ्या शहरी पोरांच्या गोष्टीत हे सगळे नव्हते. त्या बोलण्यातूनच १९९९ चा ‘मुक्तिर कथा’ झाला. माझ्या मते त्या देशाची लढाई खऱ्या अर्थाने पडद्यावर आली ती या दुसऱ्या माहितीपटात, आणि पहिल्याशिवाय तो होऊच शकला नसता.

तारेक मसूद २०११ साली रस्त्यावरच्या अपघातात गेले. त्यांच्या गाडीत मिशुक मुनीर हे छायाचित्रकारही होते. त्यांचे वडील मुनीर चौधुरी यांना १४ डिसेंबर १९७१ ला, शरणागतीच्या दोन दिवस आधी, घरातून नेऊन मारलं होतं. पन्नास-साठ वर्षांपूर्वीची लढाई ज्यांच्या घरात अजून संपलेली नाही अशा माणसांनी हे काम केलंय. तुम्हीही त्यातलेच.

तुमच्या धाग्यात मला एक माणूस दिसला नाही. आजी. डिसेंबर १९७१ मध्ये त्या कुठे होत्या? बातम्या कोणाच्या रेडिओवर ऐकायच्या? तार आली की गावात काय व्हायचं, पोस्टमन दिसला की कोण कोणाच्या तोंडाकडे बघायचं? ते पत्र इतकी वर्षं कोणी जपून ठेवलं? त्यांची मुलाखत आजोबा घरात नसताना घ्या, स्वयंपाकघरात घ्या, हातातलं काम चालू राहू द्या. गावात ७१ साली ज्यांचा माणूस परत आला नाही असं घर असेल तर तिथे कॅमेरा न घेता आधी नुसते जाऊन या.

१६ तारखेला पटांगणात दोन स्पीकर पुरे, पण कानाच्या उंचीवर ठेवा, म्हाताऱ्यांना शब्द कळला पाहिजे. पहिल्या रांगेत त्यांच्या खुर्च्या. दाखवून झालं की लगेच सत्कार-भाषणं सुरू करू नका, सरपंचांना तसं आधीच सांगून ठेवा. दिवे लावा, रेकॉर्डर चालू ठेवा, आणि एक माइक तारेसकट प्रेक्षकांत फिरवायला एखादं चुणचुणीत पोरगं नेमा. बॅटरी आणि मेमरी कार्ड जास्तीची ठेवा.